सायलेन्सरच्या बाजूचा आकडा

न्हाय न्हाय मॅडम, टायर असा न्हाय घेत. टायर म्हणजे बांगड्या हायत काय, ही नक्षी आवडली, भरा हातात? आधी मला सांगा, गाडी फिरवणार कुठं? – काय? जोरात बोला जरा. भिंतीपलीकडं कापडाचे चोवीस लूम चालतात, धामणकर नाक्यावर दुकान घेतलं तेव्हापासून हा खडखडाट कानात हाय, आता मला हळू बोललेलं ऐकू येत न्हाय आणि हळू बोलताही येत न्हाय. – दोन्हीकडं? डांबरावर पण, कच्च्यात पण? हां, सगळे हेच बोलतात. मोबाइलमधे बर्फाचे फोटो दाखवतात, नदीतनं गाडी काढतानाचे व्हिडिओ दाखवतात, आणि सहा महिन्यांनी टायर बघावा तर बरोबर मधोमध घासलेला, बाजूची रबराची बटनं कोरी – म्हणजे गाडी गेली कुठं, तर कल्याणला, चहा प्यायला. तुम्ही हसला न्हाय. म्हणजे तुम्ही खरंच जाणार. बसा ना. हेल्मेट द्या इकडं, ठेवतो. बरं, असू द्या हातात.

हा बघा, हा ऐंशी-वीसवाला. ऐंशी टक्के रोड, वीस टक्के माती. बारीक खाचा, आवाज न्हाय, ओल्यात चांगला, पण चिखलात गेलात की खाचा भरतात आणि तो साबणाची वडी होतो. हा दुसरा, पन्नास-पन्नास. बटन टायर बोलतात आपल्याकडं. बटनं मोठी, मधली जागा मोकळी, चाक फिरलं की चिखल मागं फेकतो. पण डांबरावर वळणात घातलात की बटनं वाकतात, गाडी डोलते, पहिले दोनशे किलोमीटर जीव घशात येतो. मग सवय होते. तुमचं वजन कमी, तुम्हाला मी पन्नास-पन्नासच देईन, पण एका अटीवर – हवा मी सांगेन तेवढीच, आणि दोन गोष्टी तुम्ही स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय दुकानाबाहेर पडायचं न्हाय. माझ्यावर पण विश्वास ठेवायचा न्हाय. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आता. आधी? – आधी कोण विचारत होतं.

पहिली गोष्ट बाण. हा. टायरच्या बाजूला छापलेला असतो, चाक पुढं जाताना ज्या अंगाला फिरतं त्या अंगाला त्याचं तोंड पाहिजे. टायर चाकावर सुलटा भरला तर या खाचा पाणी बाहेर फेकतात. उलटा भरला तर तेच पाणी, तोच चिखल आत ओढून घेतात, टायरच्या खाली. बसणाऱ्याला कळत पण न्हाय, सुक्या रोडवर तर अजिबातच न्हाय. दुसरी गोष्ट आकडा. या बाजूला, हा बघा, छोटी चौकट, चार आकडे. बारा-पंचवीस. म्हणजे पंचवीस साली बाराव्या आठवड्यात बनला. ताजा माल. पाच वर्षांच्या वरचा टायर, मग तो कितीबी काळाकुळकुळीत दिसू दे, हात लावायचा न्हाय. रबर मरतं आतनं. वरनं पॉलिश मारली की नवरीसारखा दिसतो, पण अंगठ्याचं नख दाबून बघा – ताज्यात रुततं, जुन्यात न्हाय रुतत. आणि लक्षात ठेवा, हा आकडा दोन्ही बाजूंना नसतो, एकाच बाजूला असतो. एकाच. लोकांना हेच माहीत न्हाय.

चहा घ्या, गार होतोय. – भरायला कोण हाय? मीच भरतो आता. आधी फखरुद्दीनचाचा होता, एकोणीस वर्षं माझ्याकडं. ट्रेलरचा टायर असा उचलायचा, उशी उचलल्यासारखा. गुडघे गेले त्याचे. खाडीकडं घर हाय, घरीच बसलाय. तुम्ही मूळच्या कुठल्या? – पुण्याच्या. बरं. म्हणजे इकडनं आपल्या वाटेला लागणार. बरं झालं.

तुम्हाला एवढं का सांगतो, तर वळ गावचा एक पोरगा होता. धनेश. इथं शेजारीच, तिकडं सगळी गोडाऊनं झालीत आता, याच्या बापाची, रामनाथची, भाताची जमीन गोडाऊनला गेली आणि पोरानं ही अशीच गाडी घेतली, तुमच्यासारखी उंच. पोरगं चांगलं. पाया पडायचं माझ्या, केसरीकाका केसरीकाका करायचं. पण जव्हारच्या अंगाला उतारावर गेला तो. चौदा महिने झाले. पावसाचे दिवस, रस्त्यावर लाल माती वाहून आलेली, ब्रेक मारला, मागचं चाक सुटलं, कठड्यावर. मागनं येणारे दोस्त बोलले, फक्त बाजूला झाल्यासारखा दिसला आणि मग न्हवताच. वेग दुसरं काय. पोरं ऐकतात काय? रामनाथला मीच बोललो, तुझा पोरगा वेग पाळत न्हवता, कितीदा सांगितलं मी. त्यानं ते असं धरलं मनात – घरात फोटो लावला न्हाय पोराचा. येईल त्याला सांगतो, मस्तीनं मेला माझा पोरगा, स्वतःच्या हातानं मेला. असं ऐकलं मी. मी गेलो न्हाय तिकडं. दहाव्याला पण न्हाय गेलो. दुकान होतं.

काय? – कुठले होते? टायर? त्याच्या गाडीला? – आता ते... पुढचा ताजा होता, एकदम ताजा, त्यानं स्वतः आकडा वाचून घेतला, या इथं उभा राहून. मागचा पण चांगलाच होता. चांगला म्हणजे – बटनं कोरी होती, एक किलोमीटर फिरलेला न्हवता. टायरचा काय संबंध त्यात? उतार होता, पाऊस होता, माती होती, पोरगं वेगात होतं, पोलिसांनी पण तेच लिहिलं, टायरकडं कोणी बघितलं पण न्हाय, आणि तुम्ही कशाला तोच तोच प्रश्न विचारता, तुम्हाला टायर पाहिजे ना, मग टायर बघा – मी काय मुद्दाम उलटा फिरवला काय त्याला मारायला!

...लाइट गेली. एकदम बंद पडले ना लूम. असंच होतं. मग कान वाजतात नुसते. मी जोरात बोललो काय? सवय हाय हो. बाहेर पानवाला बघतोय. काय न्हाय रे, गिऱ्हाईक हाय!

बसा. जाऊ नका. आता बोललोच हाय, तर पुरं ऐकून जा, तुम्ही कुठल्या पुण्याच्या, उद्या कुठच्या कुठं असाल. चौदा महिने मी हे कोणाशी बोललेलो न्हाय. बायकोला पण न्हाय. झालं काय, धनेश आला गुरुवारी, शनिवारी निघायचं होतं. मागचा त्याच्या मापाचा माझ्याकडं न्हवता. एकच होता, वर माळ्यावर, कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचा माल आलेला त्यातला, प्लास्टिकमधे गुंडाळलेला. मी काढला, पुसला, पॉलिश मारली. देणार न्हवतो हो मी, सांगून देणार होतो, की बाबा, जुना हाय, तेवढी ट्रिप कर आणि बदल. पण तो काय करतो – दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, एक ट्रान्सपोर्टवाला शेठ बसलेला, आणि हा सगळ्यांसमोर बोलतो, केसरीकाका, आकडा दाखवा, आजकाल लोक जुना माल खपवतात. हसत बोलला. सगळे हसले. तीस वर्षं मी टायर विकतोय, आणि हे काल मिसरूड फुटलेलं पोर मला आकडा शिकवतंय. माझं डोकं फिरलं. पैशासाठी न्हाय केलं मी, पैशाचं तसं काही न्हवतंच त्यात, देवाशपथ सांगतो. मी बोललो, पुढचा बघ, दोन्ही एकाच लॉटचे. आणि त्याला चहाला पाठवला.

मग काय. सुलटा भरला तर आकडा येत होता चेनच्या बाजूला, गाडी स्टँडवर लावली की सरळ डोळ्यासमोर. म्हणून फिरवून भरला. आकडा गेला सायलेन्सरच्या बाजूला, मागं. तिकडं कोण बघतंय? गाडी चालवून आलं की सायलेन्सर तापलेला, हात घालेल त्याचा हात भाजेल. आकडा लपला, पण बाण उलटा झाला. फखरुद्दीन टायर चढवायची टामी खाली ठेवून उभा राहिला. बोलला, शेठ, बाण उलटा हाय. मी बोललो, चाचा, भर. बोलला, पावसाचे दिवस हायत शेठ. मी बोललो, भर, न्हायतर उद्यापास्नं येऊ नकोस. त्यानं भरला. रविवारी खबर आली, सोमवारी तो आलाच न्हाय. गुडघेबिडघे काय न्हाय, गुडघे माझ्यापेक्षा धड हायत त्याचे. मी गेलो एकदा त्याच्याकडं, दारात उभा राहिला, आत या बोलला न्हाय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पण टायरनंच गेला हे कोण सांगणार? सांगा ना. सुलटा असता तर वाचला असता असं लिहून देईल कोणी? मी हेच म्हणतो स्वतःला, रोज सकाळी शटर उघडताना. आणि भीती वाटते मला. पोलिसांची न्हाय. ती गाडी रामनाथनं विकली न्हाय म्हणे, गोडाऊनमागं पत्र्याखाली टाकलीय, चाकंबिकं तशीच. कुणीतरी एक दिवस तिकडं वाकून बघेल, याची भीती वाटते. झोपेतनं उठतो मी. पुढं काय होईल ते सोडा, पण रामनाथ – आम्ही एका शाळेत होतो हो, अंजूरला.

जाऊ द्या. चला, तुमचं काम करू. लाइट नसली तरी हातानं भरतो, मशीनची गरज न्हाय मला. कुठं लावलीय, बाहेर? हां, ही पांढऱ्या टाकीची. टाकी नवीन टाकलीत वाटतं, पुढचे पाइप पण नवीन. पडली होती काय? – पुण्याच्या बोललात, आणि नंबराची पाटी तर आपल्या ठाण्याची. विकत घेतली असेल कोणाकडनं. हो ना? – मागचा टायर तर कोराच हाय हो, बटनं बघा, कशाला बदलता हा, अजून दहा हजार किलोमीटर – थांबा, या बाजूनं बघू दे. बसतो जरा खाली. नख... नख न्हाय रुतत. आणि हा बाण –

हा बाण उलटा हाय.

कोण तुम्ही? – न्हाय, बोला. आता लूम बंद हायत, आता ऐकू येतं मला. मृणाली. रामनाथची मृणाली. धनेशची बहीण. पुण्याला शिकायला होतीस ती. फखरुद्दीननं पाठवलं? त्यानं सांगितलं सगळं? मग मला कशाला बोलू दिलंस, बाय? एवढा वेळ बसून राहिलीस, चहाला हात लावला न्हायस, आणि मी आपला बोलतोय, बोलतोय.

ऐक. आधी ऐक माझं. हा टायर आत्ता काढतो मी. नवा भरून देतो, दोन्ही भरून देतो, ताजे. जुना इथंच राहू दे, तू काय करणार जुन्याचा? भंगार हाय तो. मी लावतो त्याची वाट. हँडल सोड. सोड ना, मला आत घेऊ दे गाडी. – बाबांना काय सांगणार? काय मिळणार त्याला ऐकून, पोरगा तर परत येणार न्हाय, आणि आता कुठं जरा – न्हाय. न्हाय, बरोबर हाय तुझं. फोटो. फोटो लावेल तो. तेवढं तरी होईल.

कुठं वाकतेस? तिकडं नको. अगं, वळपासनं चालवत आलीस, सायलेन्सर अजून तापलेला असेल, हात काढ, भाजेल हात – काढ म्हणतो ना! बॅटरी कशाला लावतेस मोबाइलची. मला विचार. मला पाठ हाय तो. एकोणचाळीस-सतरा. सतरा साली एकोणचाळिसावा आठवडा. बापाला सांग, केसरीनाथनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आता जा. दुकान बंद झालं. आणि हे बघ, त्या टायरवर बसून येतेस काय, अक्कल हाय का न्हाय? टेम्पोवाल्याला हाक मारतो, गाडी वर टाकून नेईल – न्हाय? मग ढकलत ने. वळपर्यंत ढकलत ने, पण बसू नकोस तिच्यावर, बाय. बाजूला हो. शटर ओढतो मी.