एक्केचाळिसाव्या पानावरचा लाल आकडा

हॅलो? … हॅलो, संघा? … हो, मीच आहे. ओरडत नाहीये मी, तो दाराचा आवाज आहे. … नाही, सुतार नाही आलेला. आपल्याच दारावर घाव घालतायत.

अगं ऐक ना, आधी ऐकून घे. … हो, हो, धड आहे मी. हॉलमध्येच आहे. तुझं जुनं कपाट सरकवून दाराला लावलंय. … एकटीनंच. दुपारी तीन वाजता कोण येणार मदतीला? सगळी बिल्डिंग कामाला गेलेली.

कोण काय… गोटीराम. आपला गोटीराम, नेरूळ गावातला. चार बिल्डिंगांचा मालक झाला तरी मला वहिनी म्हणणारा. … आज नाही म्हणाला. आज जे म्हणाला ते लेकीला सांगण्यासारखं नाही. बरोबर तिघे आहेत. पहार त्याच्याच हातात, एकाकडे क्रिकेटचा स्टंप. शिवा वॉचमननं गेटवर अडवलं तर त्याच स्टंपनं त्याचं डोकं फोडलं. मी खिडकीतून बघत होते. कलिंगड पडल्यासारखा आवाज आला गं. तिथंच बसलाय गेटपाशी, डोक्याला स्वतःचा शर्ट धरून.

पुस्तक हवंय त्यांना. … कुठलं म्हणजे? तुझ्या पप्पांचं. रॉकेटचं. ते बाहेर दे म्हणतोय, इथंच पेट्रोल ओतून जाळणार आहे.

सांगते, सांगते… मध्ये बोलू नकोस. त्याचा मुलगा कुंदन आहे ना, कॉलेजातला. तू नेटवर टाकलेलं पुस्तक त्यानं घेतलं, छापून काढलं. शेवटच्या धड्यातलं मोठं रॉकेट बांधलं. आज सकाळी खाडीकडच्या मोकळ्या जागेत उभं केलं. वात पेटवली आणि मागे वळायच्या आत नळकांडं फुटलं. हात अजून तिथंच होता. … नाही, जिवंत आहे. उजवा हात गेला, मनगटापासून. सोनलनं, त्याच्या बहिणीनं, बोटं ओढणीत गोळा करून नेली. डॉक्टरांनी ती परत दिली. … हो. परत दिली. हे सगळं मला गोटीरामनंच सांगितलं, दाराबाहेरून. एका घावाला एक वाक्य.

वरची सुचिता तेवढी घरी आहे, तिनं पोलिसांना फोन केलाय. निघालेत म्हणे. … तूही कर, पण दुसऱ्या फोनवरून. हा ठेवू नकोस.

मी? … मी कोयता घेऊन बसलेय. नारळाचा. … अगं, एकानं खिडकीच्या जाळीतून हात घातला होता कडी शोधायला. पहिल्यांदा उलट्या बाजूनं मारलं. हात मागे नाही घेतला. मग धारेनं मारलं. … भिंतीवर उडालंय थोडं. पुसेन नंतर. दुसरा आला त्याच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली. … शांतच आहे. मला काय होतंय.

ऐकू येतंय मला, गोटीराम. … तुला नाही बाळ, त्याला म्हणाले. म्हणतोय, ‘पोपट मास्तरनी माजे पोराचा हात खाल्ला. त्याचा बुक जालीन, त्याचा घर पन जालीन.’

गोटीराम, मास्तरांचं नाव घेऊ नकोस. रबाळ्याच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या माणसाला आख्खं गाव मास्तर म्हणायचं, ते फुकट नाही. त्यांच्या पुस्तकात चूक नाही. तुझ्या पोरानं बांधताना घाई केली असेल.

काच गेली. … हॉलची. … नाही, मला नाही लागलं. पप्पांचा फोटो खाली आला. … राहू दे, संघा, आता कुठे उचलत बसू.

थांब, आत काहीतरी फेकलंय. … दगड नाही, कागद आहेत. कुंदननं छापलेले. रक्तानं चिकटलेत एकमेकांना. चष्मा कुठाय माझा… डोक्यावरच आहे. ‘वाच,’ म्हणतोय. ‘वाच तुजे नवऱ्याचा काम.’

एक्केचाळिसावं पान. तक्ता आहे… हो, तोच, नळकांड्याला कागदाचे वेढे किती द्यायचे त्याचा. लहान रॉकेटला बारा, मधल्याला वीस, मोठ्याला…

…

चष्मा पुसून परत बघते. ऐकतेय मी.

मोठ्याला बारा लिहिलंय इथं, संघा.

थांब, पुस्तक काढते. … कमरेला खोवलंय, साडीत. एक्केचाळीस… एक्केचाळीस… हे बघ. बारा छापलंय, त्यावर लाल रेघ, आणि शेजारी लाल पेनानं तीस. पप्पांचं अक्षर. या छापलेल्या कागदावर मात्र लाल काहीच नाही. रेघही नाही. धुतल्यासारखं पान आहे.

… हो. हो, आठवतंय मला. मीच सांगितलं तुला. चौदा एप्रिलला आलीस, जेवायच्या टेबलावर स्कॅनर मांडलास आणि मी म्हणाले, त्या लाल रेघा काढता येतील का गं, नापासाच्या पेपरासारखं दिसतं. तू म्हणालीस, काळं-पांढरं केलं की लाल आपोआप उडतं. … तू विचारलंस, ते मान्य आहे. ‘राहू दे का आई, पप्पांच्या हातचं आहे’ असं दोनदा विचारलंस. मीच काढ म्हणाले. आणि ते गेल्यावर मला इतकं बरं वाटलं की तुला पुरणपोळ्या करून घातल्या.

रडू नकोस. … तुझी नाही चूक. … अगं ऐक तर. पप्पांचीही नाही.

स्टेन्सिल कोण कापायचं? मी. तू दोन वर्षांची होतीस, एका मांडीवर तू आणि दुसऱ्या मांडीवर पाटी. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकानं एकेक अक्षर कोरायचं, मग शाईचा रूळ फिरवून पानं काढायची. चौसष्ट पानं, आकृत्यांसकट. पप्पांच्या वहीत तीसच होतं. माझी नजर शेजारच्या रकान्यात घसरली. लहानाचा आकडा मोठ्यात उतरला.

… हो, फुटलं होतं. तेव्हाही फुटलं होतं. मिठागरात, पोरांनी पुस्तक बघून बांधलेलं पहिलंच मोठं रॉकेट. पप्पांचा कान आठवतो ना तुला, अर्धा? कारखान्यात मशिनीत गेला असं तुला सांगितलं होतं. तो त्या दिवशी गेला. नळकांड्याचा तुकडा आला आणि कानाची पाळी घेऊन गेला. वातीपाशी हाच गोटीराम होता, बारा-तेरा वर्षांचा. पप्पांनी त्याला ढकललं म्हणून त्याचं तोंड वाचलं. … नाही, ते कशाला सांगू त्याला आता? आज काय उपयोग त्याचा?

घरी आले ते पट्ट्यापर्यंत रक्त. धुतलं नाही. म्हणाले, स्टेन्सिल आण. दिव्यासमोर धरून पाहिलं. आणि एवढंच म्हणाले, ‘सुनयना, तीस.’ ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी कानाला फडकं बांधून सायकल काढली. पस्तीस प्रती वाटल्या होत्या. तुर्भे, घणसोली, बेलापूर, जिथं जिथं दिल्या तिथं तिथं जाऊन लाल पेनानं आकडा सुधारला. लोक विचारायचे, मास्तर, चुकलात का? तर म्हणायचे, चुकलो. … नाही, माझं नाव कधीच नाही घेतलं. कुणापाशीच नाही. मरेपर्यंत.

कपाट हललं. … वीतभर. पाय लावलाय मी, तू बोल.

देऊन टाकू? … काय बोलतेस तू? आता तर नाहीच देणार. बाकीच्या प्रती कुठे राहिल्या? गोटीरामच्या घरची दोन हजार पाचच्या पुरात गेली. बाकीच्या कुणी रद्दीत घातल्या, कुणी चुलीत. लाल शाईवालं हे एकच पुस्तक राहिलंय. आणि ते लाल नसलेलं किती फोनांत गेलंय? … किती? … चार हजार. चार हजार जणांनी उतरवून घेतलं आणि मी बाजारात भाजीवालीला सांगत होते, आमच्या ह्यांचं पुस्तक लोक अमेरिकेत वाचतात.

काढ ते आधी. आत्ताच्या आत्ता काढ. … ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडून परत येत नाही? मग त्यांना लाल पानं पाठव. … नुसतं तीस लिहून कोण ऐकेल? कुणीही उठून काहीही लिहितं तिथं. त्यांच्या हातचं अक्षर दिसलं पाहिजे, बारा खोडलेलं दिसलं पाहिजे. आणि लाल एकाच पानावर नाही. नऊ पानांवर आहे. सगळे आकडे आहेत. अजून कुणाचा काय तुटेल सांगता येतं का?

फोटो काढते मी. … फोन चालू असताना कसा काढायचा? … हं. मधलं बटण दाबलं. … गोल? … गोल दाबलं. आता तो कॅमेरा आलाय. तू बोलत राहा म्हणजे मला कळेल तू आहेस.

हा गेला का? … अंगठा आला. बरं, पुन्हा. … आता? वाचून दाखव काय दिसतंय ते. … तीस. लाल? … लाल दिसतंय. बरं.

सेफ्टी डोअरचं वरचं बिजागर तुटलं बघ. आता नुसतं लाकडी राहिलंय. … नाही, बाथरूममध्ये नाही जात. तिथं उजेड नाही, फोटो येणार नाहीत. हा सत्तावीस. … हा तेहेतीस. … हलला? मग परत घे. … अगं, मी घेते परत, तू नाही. … पन्नास. पन्नासवर दोन ठिकाणी आहे, खालचं दिसतं का? … फळीतून पहारीचं टोक आत आलं. कपाटाच्या पाठीत घुसलं. … तू बोलत राहा. … बावन्न. … छप्पन्न. … एकोणसाठ. … बासष्ट. … किती झाले? … आठ? नववं कुठलं राहिलं… थांब. अकरा. अकरावं पान, पंखांच्या मापाचं. … अरे, जाळीतून हात काढ. काढ हात. … काढला. … नाही, माझं नाहीये रक्त. पानावर एक थेंब पडला, आकड्यावर नाही. घे. … आला? … नऊ झाले. बरं झालं. बरं झालं बाई.

आता लिही. पानांच्या खाली लिहायचंय. … स्कॅनरची चूक? नाही. असं लिहायचं नाही. लिही, मोठ्या रॉकेटचा आकडा स्टेन्सिल कापताना सुनयना पोपट कांबळे यांनी चुकीचा उतरवला. लेखकाने तो लाल शाईने दुरुस्त केला होता. … पुढे लिही. ती दुरुस्ती पुस्तक नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून काढण्यात आली. … ‘त्यांच्याच’ म्हणजे माझ्या. … माझं नाव घाल, संघा. माझं नाव तीस वर्षांहून जास्त त्यांनी एकट्यानं बाहेर ठेवलं. आता नको.

पाठवलंस? … सगळ्यांना? … बरं.

आता दार उघडते मी. … ऐकते आहे तुझं, सगळं ऐकते आहे. पोलीस येतील तेव्हा येतील. तो बाहेर काय म्हणतोय ते ऐकतेस ना? मास्तरांच्या नावानं थुंकतोय माझ्या उंबऱ्यावर. मेलेल्या माणसानं किती दिवस माझं झाकायचं? … नाही, कोयता खाली ठेवला. ठेवला म्हटलं ना.

गोटीराम, थांब. पहार थांबव, कपाट मीच सरकवते. … थांब म्हटलं. मोडलेलं दार उघडत नाही लवकर.

… उघडलं. … आहे मी, संघा. फोन कानालाच आहे.

त्या तिघांना बाहेर उभं कर, गोटीराम. तू ये. हे पुस्तक. जाळायचं असेल तर जाळ, पण आधी हे पान बघ. हे बारा छापलंय ना, ते मी लिहिलं. मास्तरांनी नाही. मास्तरांनी खोडून तीस केलं, हे लाल. आणि हे लाल पुसायलाही मीच सांगितलं. तुझ्या कुंदनला पुसलेलं मिळालं. मास्तरांनी त्याचा हात नाही खाल्ला रे. मी खाल्ला.

… पुस्तक घेतलंय त्यानं, संघा. पान बघतोय. बोट फिरवतोय लालवरून, पोरगा होता तेव्हा आकृत्यांवरून फिरवायचा तसं. … रडतोय. … नाही, पहार नाही सोडलेली. … सायरन ऐकू येतोय, पण लांब आहे. सिग्नलच्या पलीकडे असेल.

काय म्हणालास, गोटीराम?

… विचारतोय, कुठल्या हातानं लिहिलंस.

उजव्या.

… नाही गं बाळ, ओरडू नकोस. फोन त्याच हातात आहे. ठेवते.