लाल तेल, हिरवं तेल

लिमोजच्या गॅरेजात माझ्या शेजारी बसलेला रेमों मघापासून बायकोच्या नावाने खडे फोडत होता. त्यांची जुनी गाडी सुरू केली की आधी तेलाच्या दाबाने वर उठायची, मगच चालवायची.

"ओदिल, गाडी वर उठायच्या आधीच तू दामटतेस. म्हणून ती जमिनीला टेकली."

"ती पूर्ण उठेपर्यंत मी थांबते. तुझ्या बाबांनीच शिकवलंय मला."

"आता विकूनच टाकू."

"बाबांची गाडी मी विकू देणार नाही."

मिस्त्री हात पुसत आला. "हिच्या टाकीत लाल तेल कुणी ओतलं? हिला हिरवंच लागतं. लाल तेलाने आतली रबरं सडतात."

"मी ओतलं. परवा," रेमों म्हणाला.

"लवकर आणलीत म्हणून वाचली. सगळं धुऊन हिरवं भरलंय. करा सुरू."

ओदिलने चावी फिरवली. गाडी आधी मागून उठली, मग पुढून. रेमों म्हणाला, "सरक, मी चालवतो."

मी म्हटलं, "मुस्यू, तुम्ही शेजारी बसा. गाडी तिच्याच हातात शोभते."