गिऱ्हाइकाची आमटी

मंडळी, ऐका! माणूस जीव ओतून काम कशानं करतो? पगारानं? धाकानं? मागचे आजोबा म्हणतात, धाकानं! आजोबा, शेजारी आजी बसल्यात, तुमचा अनुभव दांडगा दिसतो!

तर हमरस्त्यावर आप्पा बोराट्यांचं हॉटेल. चालवायचा आचारी सिदराम. पण अलीकडे आमटीला चव राहिली नव्हती, ताटं अर्धी परत यायची. आप्पांनी काय केलं? पगार वाढवला. फरक नाही. कॅमेरा बसवला. आमटी तशीच! कॅमेऱ्याला मीठ कळतं का हो? वर सिदराम म्हणाला, "मालक, दिवाळीनंतर मी गावी जातो." आप्पांची झोप उडाली. सिदराम गेला की हॉटेलला कुलूपच.

आता गंमत पाहा. आप्पा गल्ल्यावर बसायचे, पण जेवायचे घरचा डबा. अख्ख्या हॉटेलसमोर, रोज! एके दिवशी पत्नी गोदाक्का चिडल्या. "एवढं जग तिथं जेवतंय, तुम्हालाच काय होतंय? आज डबा नाही."

दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले. आप्पा बाकावर बसले. "सिदराम, वाढ मला."

सिदरामनं ताट आणलं, समोर ठेवलं — आणि परत उचललं. "थांबा मालक. ही आमटी तुम्हाला नको."

"का रे?"

"ही गिऱ्हाइकाची हाय."

घ्या! आणि चारी बाजूंना गिऱ्हाईक बसलेलं! घास हातातच राहिले. आप्पांचा चेहरा लाल झाला. पण त्यांना स्वतःचा डबा आठवला. म्हणाले, "मग माझ्यासाठीची कर. पण पातेलंभर कर. आज सगळ्यांना तीच वाढायची."

सिदरामनं मसाला नव्यानं भाजला. वास रस्त्यापर्यंत गेला! आप्पांनी दोनदा मागून घेतली. "काय घातलंस रे यात?"

सिदराम डोळे पुसत म्हणाला, "इतकी वर्षं रांधतोय मालक, तुम्ही कधी चाखलंच नाही. मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही."

आप्पांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "जेव माझ्याबरोबर. आणि दिवाळीनंतर गावी जा, पण चार दिवसांनी परत ये." सिदराम हसला. आप्पांच्या जिवात जीव आला. तुमच्याही आला ना?

मग आता एक करा. मंडपामागं आचारी सकाळपासून धुरात उभे आहेत. प्रसाद घेतलात की तिथं जा, आमटी कशी झाली ते सांगा. एवढं जमलं की घरी जा. तिथंही कुणीतरी रोज तुमच्यासाठी रांधतं. तिला शेवटचं कधी सांगितलंत?

का हो आजोबा, आता का मान खाली? बोला, अन्नपूर्णा माउलीचा जयजयकार!