चौथा मुद्दा आणि चार पिस्टन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजेच आमच्या वर्कशॉपचे मालक. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, मोटारदुरुस्ती संघटनेचे सचिवसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, आमच्या स्टोअरचे सर्वेसर्वा दमानेराव. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी. माझे सहकारी फिटर, रंगारी, वेल्डर, ऑफिसमधल्या भगिनी, आणि आज मुद्दाम अर्धी रजा टाकून आलेली माझी मुलगी. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सचिवसाहेबांच्या माहितीसाठी सांगतो, दमाने हे त्यांचं आडनाव नाही. स्टोअरच्या खिडकीशी जाऊन कुणी घाई केली की ते आतून म्हणायचे, "जरा दमानं घ्या." हे इतकी वर्षं चाललं की पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं त्यांच्याबरोबर आहे. जेवणाच्या सुट्टीत एकच बाक आणि मधे दोघांचे डबे उघडे. तेव्हा निरोपाचं भाषण मी करावं हे ओघानंच आलं. कुणी ठरवलं म्हणाल, तर त्यांनीच ठरवलं.

आमच्या वर्कशॉपची एक पद्धत आहे. निवृत्त होणारा माणूस वक्त्याच्या हातात आपणहून मुद्दे देतो, म्हणजे ऐन वेळी फजिती नको. हा तो कागद. सहा मुद्दे आहेत आणि अक्षर मोत्यासारखं आहे. वक्तशीरपणा, मान्य. कधीही आवाज चढवला नाही, हेही मान्य, ते काम खिडकीबाहेरची माणसं करायची. 'विनोदी स्वभाव' असं लिहून पुढे त्यांनीच प्रश्नचिन्ह घातलं आहे, तर तो निकाल मी सभेवर सोडतो.

मी अडलो तो चौथ्या मुद्द्याशी. जसा आहे तसा वाचतो. "डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या प्रकरणात प्रसंगावधान राखून वर्कशॉपची अब्रू वाचवली."

इथल्या नव्या मुलांना हे प्रकरण माहीत आहे. कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना ते सांगितलं जातं, हलगर्जीपणा केला तर काय होतं याचा दाखला म्हणून. तो हलगर्जी फिटर म्हणजे मी. मुलं माझ्याशी फार अदबीनं वागतात, मला ब्रेककाका म्हणतात, आणि मी समोर असलो की तो किस्सा सांगत नाहीत. पाहुण्यांसाठी मात्र मला तो सांगायला हवा. पाच मिनिटं जास्त जातील. खाली चहा तयार आहे याची मला कल्पना आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी इंजिनाच्या बाकावर होतो. एका डॉक्टरीणबाईंची जुनी गाडी आली. इंजिन पार झिजलेलं, सिलिंडर घासून मोठे करायचे आणि त्यात मोठ्या मापाचे नवे पिस्टन घालायचे. गाडीच्या कंपनीनं ते पिस्टन बनवणं कधीच बंद केलेलं. म्हणजे बाहेरच्या कंपनीचे घेणं आलं. आणि बाहेरचे पिस्टन निवडणं हे स्थळ बघण्यासारखं काम आहे, फोटो सगळ्यांचेच छान असतात. दमानेराव आणि मी तीन दिवस स्टोअरमध्ये कॅटलॉग पसरून बसलो होतो. पिनपासून माथ्यापर्यंतची उंची बघ, रिंगांच्या खाचा बघ, वजन बघ. ओतीव पिस्टन आमच्या मापात मिळेनात. घडीव मिळत होते, पण त्यांत दोन धातूंचे होते. दिसायला सारखेच. एक धातू तापला तरी बेतानं फुगतो, तो सिलिंडरमध्ये जवळ बसवता येतो, मिलिमीटरच्या पाच शतांशांची जागा पुरते. दुसरा धातू दणकट, शर्यतीच्या गाड्यांना घालतात, पण तापला की चांगलाच फुगतो. त्याला नऊ शतांश जागा लागते. कमी दिली तर तो चालत्या गाडीत सिलिंडरला धरून बसतो.

बाई रोज पहाटे थंड गाडी काढणार, चार घरं फिरणार, दवाखान्यात जाणार. त्यांना शर्यत कशाला? मी म्हटलं, पहिलाच धातू घेऊ. दमानेराव म्हणाले, "तू म्हणशील ते." मला अजून आठवतं, मला तेव्हा किती बरं वाटलं होतं. आपला शब्द मानणारा माणूस स्टोअरमध्ये आहे, म्हटल्यावर फिटरला आणखी काय हवं?

आता आमच्या धंद्यातला एक नियम. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडरला हत्यार लावायचं नाही. आधी प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्यावर नंबर घालायचा, मग त्याच्या अंगाप्रमाणे त्याचा सिलिंडर कापायचा. हा नियम मला दमानेरावांनीच शिकवला. त्या आठवड्यात माझी आई आजारी पडली आणि मी चार दिवस रजेवर गेलो. परत आलो तर बाकावर सिलिंडर कापून तयार, शेजारी ट्रेमध्ये चार पिस्टन धुऊन, वजन करून मांडलेले, आणि वर कंपनीची चिठ्ठी. जागा पाच शतांश. मी मोजलं. चारही पाच शतांश. चिठ्ठीबरहुकूम. मी इंजिन जुळवलं.

सहाशे किलोमीटरवर ते जाम झालं. बाई एका अडलेल्या बाळंतिणीकडे निघाल्या होत्या. भर उन्हात उड्डाणपुलावर गाडी बंद. दुसऱ्या एक डॉक्टर वेळेवर पोहोचल्या, आई आणि बाळ दोन्ही वाचली, पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मधली रात्र मी कशी काढली ते माझ्या घरच्यांना माहीत आहे.

मग चौकशी झाली. मालक, तुम्ही काचेच्या केबिनमध्ये आम्हा दोघांना उभं केलं होतं. तुम्ही दमानेरावांना विचारलंत, "माल बरोबर होता ना?" ते म्हणाले, "माल चोख होता." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी काय सांगणार? मोजलेलं मला आठवत होतं, पण इंजिन तर जाम झालं होतं. संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून नोटीस वाचली गेली, जुळवणीत हलगर्जीपणा. मला ब्रेकच्या कामावर टाकलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दमानेरावांनी आपली भाजी माझ्या डब्यात वाढली आणि म्हणाले, "होतं माणसाच्या हातून. मनाला लावून घेऊ नकोस."

वहिनी, ती भाजी तुम्ही केलेली होती. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे आधीच सांगतो.

तर चार दिवसांपूर्वी हा कागद घेऊन मी स्टोअरमध्ये गेलो. म्हटलं, "अरे, या चौथ्या मुद्द्यात तू अब्रू कशी वाचवलीस? इंजिन तर मी घालवलं."

तो हसला. म्हणाला, "तू कुठे घालवलंस? आता काय लपवायचं, चाललोच आहे मी."

अध्यक्ष महोदय, आपण अस्वस्थ झाला आहात हे मला दिसतंय. थोडं थांबा. नोटीस भर वर्कशॉपमध्ये वाचली होती, तर हेही भर सभेत होऊ द्या.

मी रजेवर गेलो आणि बाईंनी घाई लावली. कटिंगचं मशीन रिकामं होतं. जन्मभर दुसऱ्याला दमानं घ्या म्हणणाऱ्या माणसानं नेमकी तेव्हा घाई केली, कॅटलॉगमधलं माप देऊन सिलिंडर कापून घेतले. दोन दिवसांनी पिस्टन आले ते दुसऱ्या धातूचे. कंपनीची चूक. आतल्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं, जागा नऊ शतांश. यानं ती चिठ्ठी काढली आणि स्टोअरमधल्या जुन्या डब्यातली पाच शतांशांची चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? चार शतांश आणखी घासून घेतले असते. एका दिवसाचं काम."

म्हणाला, "मग आधी का कापलं, हे निघालं असतं. मला वाटलं, चार शतांशांनी काय होतंय."

"आणि जाम झाल्यावर?"

"तेव्हा सांगून काय उपयोग? फिटर चुकला तर एक माणूस चुकतो. स्टोअर चुकलं तर वर्कशॉप चुकतं, गिऱ्हाईक तुटतं. आणि तुला काढलं थोडंच? मीच मालकांना म्हटलं, काढू नका, गरीब माणूस आहे."

मी विचारलं, "मालकांना हे ठाऊक आहे?" तो म्हणाला, "नाही." आता झालं.

मंडळी, हे सगळं त्यानं हसत सांगितलं. एखादी जुनी गंमत सांगावी तसं. त्याला खरंच वाटतं की त्यानं चांगलं काम केलं, नाहीतर त्यानं ते मुद्द्यांत कशाला लिहिलं असतं? वाईट माणसानं फसवलं तर आपण शहाणे होतो. हा वाईट माणूस नाही. पुढे माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात हा तीन रात्री दवाखान्यात बसला होता. आणि तेव्हाही त्याला ठाऊक होतं. माझा विश्वासघात झाला आहे, आणि याहून सौम्य शब्द मला सापडला नाही. चार दिवस शोधला.

ब्रेकचं काम हलकं नाही, ते मी मनापासून केलं. पण अकरा वर्षं मी घराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघतो. गॅस बंद केला की पुन्हा बघायला जातो. मला वाटायचं, माझ्या हातावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट आहे जी मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. माझी मुलगी बारा वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी उभी राहून मायक्रोमीटर वाचायची, माझ्यापेक्षा लवकर. शाळा संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला इंजिनाचं काम शिकवा." मी नाही म्हटलं. तिला वाटलं, मुलगी म्हणून नाही म्हणाले. ती वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही आणि मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला, कारण खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. बाळ, मी तुला नाही म्हटलं, कारण मला वाटलं माझ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. आज ती विम्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज तपासते. म्हणून मी आज तिला रजा टाकायला लावली. बाकीच्यांनी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

दमानेराव, तू माझ्याकडे बघत नाहीस, ठीक आहे. तू मला विचारलं नाहीस तरी सांगतो, मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करीन का, माहीत नाही. ते जरा दमानं घेऊ. पण उद्यापासून आपल्या त्या बाकावर मी एकटा जेवणार आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचंही वाईट वाटतंय. तुझा हा कागद मी परत देत नाही. पाच मुद्दे तुझे आहेत, चौथा माझा आहे.

मालक, आपल्याकडे एकच विनंती. नव्या मुलांना हा किस्सा जरूर सांगा, पण यापुढे चिठ्ठीसकट सांगा.

आता समारोप. मला व्यासपीठावर बोलावल्याबद्दल अध्यक्षांचा, वाट वाकडी करून आल्याबद्दल सचिवसाहेबांचा, आणि चहा निवत असताना जागचे न उठल्याबद्दल आपणा सर्वांचा मी आभारी आहे. सत्कारमूर्तींना आणि वहिनींना उत्तम आरोग्य लाभो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, एखादा शब्द कठोर गेला असेल, तर ती चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. माझ्या नावावर तेवढीच चूक लिहा. ते इंजिन मी बरोबर जुळवलं होतं.