खडकवासल्यात गेलेला चष्मा

अरे, आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतला शिरीष माहितीये ना? खडकवासल्याला शिडाच्या बोटींच्या शर्यतीत कायम शेवटचा यायचा. बोट जरा कलली की घाबरून शीड सैल सोडायचा. एकदा म्हणाला, "सोडतो हा नाद."

त्याला बोट चालवायला शिकवणारा मीच. म्हटलं, "आधी मुद्दाम उलटू या. भीती तरी जाईल."

शर्यतीच्या दिवशी सकाळीच त्याच्या बोटीत बसून दोघं उलटलो. लाइफ जॅकेटमुळे शिरीष वर आला, चष्मा मात्र तळाला गेला. तरी पठ्ठ्या तसाच शर्यतीत उतरला. धड काही दिसेना, म्हणून गालावरच्या वाऱ्याच्या अंदाजाने शीड ताणून बसला आणि चक्क माझ्या बोटीला मागे टाकून गेला!

काठावर मी त्याला मिठी मारली. "लेका, गुरूलाच हरवलंस!"

"तो तू होतास होय?" शिरीष डोळे बारीक करून म्हणाला. "मला वाटलं, वळण दाखवायला बांधलेलं पिंप आहे."