गोदामातली गार राख

दिनांक ११ मे २०२५, रविवार.

मी वृषाली दौलत दुर्गे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य विषयाची अध्यापिका, राहणार मौजे वडगाव खुर्द, मंडल बेला, जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी आई चंपाबाई व वडील दौलत यांच्यासोबत राहते. वडील आमच्या गावच्या काळीमाती कापूस उत्पादक शेतकरी कंपनीच्या गोदामावर अकरा वर्षांपासून चौकीदार आहेत. सुधाकरराव ढोके हे कंपनीचे अध्यक्ष. काल दुपारी त्या गोदामाला आग लागली. आज सकाळी वडील आपल्या पायांनी या ठाण्यात आले आणि "गोदाम गाठींनी भरून होतं, माह्या बिडीनं पेटलं" असे सांगून बसले. ते सध्या पलीकडच्या खोलीत आहेत. ते खोटे बोलत आहेत. मुलीने बापाबद्दल असे सांगणे बरे दिसत नाही, तरी तसेच लिहून घ्यावे.

जबाब लिहून घेणारे हेड कॉन्स्टेबल संतोष यांनी मला विचारले की, आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता. मी घरी होते. आगीआधी गोदाम मी कधी आतून पाहिलेले नव्हते, कंपनीचा ताळेबंद पाहिला आहे. त्यावर ते म्हणाले, "बाई, ही आगीची केस हाये, हिशेबाची नाही." दोन्ही केस एकच आहेत. कशा ते सांगते.

कंपनीचे सगळे सभासद कापूसवाले शेतकरी आहेत आणि वर्षाचा हिशेब येतो इंग्रजीत. म्हणून वार्षिक सभेआधी मी तो वाचते, दोन पानांत मराठीतून त्याचा अर्थ लिहिते आणि सभेत चिंचेखाली उभी राहून समजावते. याचे मी काही घेत नाही. चहा मिळतो, तोही गार. यंदा एप्रिलअखेर सुधाकरराव स्वतः कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "पोरी, यंदा आपली कंपनी लई जोरात हाये. तू जे लिहिशीन ते बँकेला बी देऊ, कर्जाची मर्यादा वाढवून भेटते. खाली फक्त सही करून दे."

मी मागच्या वर्षीचा हिशेब आणि यंदाचा हिशेब शेजारी शेजारी ठेवला. विक्री जवळपास तेवढीच होती आणि नफा मात्र दुप्पट. असे दिसले की मी आधी शिल्लक माल पाहते. वर्षअखेरीला गोदामात जितका माल पडून आहे असे दाखवाल तितका नफा फुगतो. हे मी अकरावीच्या मुलांना पहिल्या सहामाहीत शिकवते आणि तेही चुकत नाहीत. शिल्लक माल मागच्या वर्षीच्या तिप्पट होता, चौदाशे गाठी. मग मी विजेचा खर्च पाहिला, तो निम्म्यावर आला होता. कापसातली सरकी काढणारे यंत्र विजेवर, रुईची गाठ दाबणारे यंत्रही विजेवर. वीज निम्मी आणि गाठी तिप्पट, म्हणजे त्या गाठी काय गुडघ्याने दाबल्या? सरकीची विक्रीसुद्धा घटली होती आणि शिल्लक सरकी शून्य होती. रुई निघाली की सरकी निघतेच, ती उडून जात नाही. या गाठी फक्त कागदावर आहेत, अशी माझी खात्री झाली.

पाच तारखेला मी कंपनीच्या कचेरीत गेले आणि सुधाकररावांना म्हटले, "काका, चौदाशे गाठी मला डोळ्यांनी दाखवा, मी आत्ता सही करते." ते आधी हसले. मग म्हणाले, "काऊन? तू काय साहेब लागून गेली का?" मी हलले नाही. तेव्हा त्यांनी दार लोटले आणि आवाज खाली आणला. "गोदामावर तुहा बाप बसते. उद्या माल कमी भरला तं लोक कोनाले धरतीन, इचार कर." मी म्हटले, "बाबा दाराबाहेर बसतात काका. किल्ली तुमच्या खिशात असते." कागद सहीविना टेबलावर ठेवून मी घरी आले. त्याच संध्याकाळी मोबाईलवर त्यांना लिहून पाठवले की, हा हिशेब मला मान्य नाही, मी सही केलेली नाही आणि करणार नाही. तो संदेश संतोष यांना आत्ता दाखवला आहे. त्याला उत्तर म्हणून सुधाकररावांनी अंगठ्याचे चित्र पाठवले होते.

बँकेचे अधिकारी येत्या मंगळवारी गोदाम तपासायला येणार होते. तेव्हा आपोआप काय ते उघडे पडेल, म्हणून मी गप्प राहिले. काल शनिवारी आग लागली.

गाठींना आग लागली की काय होते हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाण्याने वरची आग विझते आणि गाठ आतून धुमसत राहते, चार-चार दिवस धूर सोडते. कालची आग संध्याकाळीच विझली. आज सकाळी मी गोदामाशी जाऊन राखेत मनगटापर्यंत हात घातला. राख गार होती. पंचनामा होईपर्यंत ती कोणाला हलवू देऊ नये.

हंगामात बाबा घरी येतात तेव्हा त्यांच्या केसांना, भुवयांना रुई चिकटलेली असते. आई त्यांना अंगणात उभे करून टॉवेलने झटकते आणि मगच आत घेते. यंदा संक्रांतीपासून तिने त्यांना झटकलेले नाही. मी तो ताळेबंद चार वेळा वाचला आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली काल आग बघताना. मला माझाच राग आला.

बिडीबद्दल. वडील बिडी ओढत नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात आणि त्यावरून आईची रोज बोलणी खातात. फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या बिड्या आणि काडेपेट्या काढून घेणारे तेच. सुधाकररावांच्या व्याह्यांची सिगारेटसुद्धा त्यांनी काढून घेतली होती, ते प्रकरण गावात सर्वांना माहीत आहे.

मी राख पाहून परत आले तेव्हा आई घरामागे बसून होती. उद्या बुद्ध पौर्णिमा आहे, म्हणून ती सकाळी तिथे बाबांचा पांढरा सदरा धूत होती. मी घरात नसताना सुधाकरराव आले आणि पुढच्या अंगणात बाबांशी बोलले ते तिने भिंतीआडून ऐकले. तिने मला सांगितले ते शब्द असे: "दौलत, बँकेत गेलेल्या कागदावर वृषालीची सही हाये. गोदाम रिकामं निघालं तं पोरगी जेलात जाते, नोकरी बी जाते. भरलेलं गोदाम बिडीनं जळलं तं कोनाचंच काही होत नाही, तुले दोन-चार दिवस बसवतीन. आता तूच ठरव." बाबांनी चपला घातल्या, "येतो" म्हणाले आणि निघाले. आई हातात सदरा घेऊन रस्त्यापर्यंत धावली, पण ते थांबले नाहीत.

बँकेला दिलेल्या कोणत्याही कागदावर माझी सही असेल तर ती मी केलेली नाही. माझ्या सह्या महाविद्यालयात आहेत, ताडून पाहाव्यात.

संतोष यांनी हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. "खोटे बोलत आहेत" हे थोडे मऊ करू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते. ही सही माझी आहे. एकच विनंती आहे, हाच जबाब पलीकडच्या खोलीत माझ्या वडिलांनाही वाचून दाखवावा, आणि मी सही केली नाही हे दोनदा वाचावे. त्यांच्या उजव्या बाजूला बसून मोठ्याने वाचावे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.