फिजिक्सवाल्या मॅडम

फिजिक्स शिकून मास्तरकीच करा लागते, असं महागावचे आमचे काका म्हनत. मी एमएस्सीनंतर रेडिएशनचा कोर्स केला अन् कॅन्सरच्या दवाखान्यात लागली.

पुढं काकूलेच कॅन्सर निघाला. काका तिले आमच्याच दवाखान्यात किरणांचा शेक द्यायले घेऊन आले.

काका म्हनाले, "डॉक्टरसाहेब, मशीन काहून सुरू नाही करून राह्यले?"

डॉक्टर म्हनाले, "किरणांचा हिशोब आमच्या फिजिक्सवाल्या मॅडम तपासतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही."

तेवढ्यात मीच बाहेर आली. काका पाहातच राह्यले. मी आत जाऊन सगळं पुन्हा तपासलं अन् हो म्हटलं.

काकू भेवानं रडत होती. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हनाले, "आता कायले भेतं? आतमधी आपली पोरगी आहे."